येत न्हाई म्हणायचं

शीतल मॅडमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वर्गात जमिनीवर पालथ्या पडलेल्या होत्या. मला वाटलं, बाई चक्कर येऊन पडल्या. नवीन माणूस, उन्हातून आलेलं, सकाळपासून उपाशी असणार. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तर मॅडमनी मान वर केली आणि म्हणाल्या, "सर, जरा बाजूनं या. तुमचा पाय शेळीवर पडतोय." खाली बघितलं तर फरशीवर खडूनं हातभर अक्षरात लिहिलेलं, 'आमची शेळी काल व्याली.' पहिलीची पोरं चहूबाजूंनी उकिडवी बसून ते वाक्य बघत होती, आणि ज्याची शेळी व्याली होती ते पोरगं मालकासारखं मधोमध बसलं होतं.

मंठ्याच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की कपाशीच्या रानाला लागून आमची शाळा. सरकारी. दोन खोल्या, दोन शिक्षक, खिचडी शिजवायला पत्र्याचं शेड. मी मुख्याध्यापक, म्हणजे दोघांत ज्याचे केस आधी पिकले तो. माझ्या आधीच्या जोडीदारानं बदलीसाठी एवढे हेलपाटे घातले होते की शाळेपेक्षा तालुक्याला जास्त असायचा. त्यामुळं जालन्यात वाढलेली, कचेरीतल्या क्लार्कची मुलगी इथं लागली म्हटल्यावर मी मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब. मॅडमनी मंठ्यात खोली घेतली, स्कूटी आणली, आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "सर, शाळा दहाला उघडते ते ठीक हाय, पण किल्ली माझ्याकडं राहिली तर चालंल का?"

पुस्तकाला त्या पहिले दोन-तीन महिने हात लावायच्या न्हाईत. पोरं सकाळी आली की विचारायच्या, येताना काय बघितलं? पोरगं जे बोलंल ते, जसं बोलंल तसं, फरशीवर लिहायचं. 'बापू बैलावरून पडला.' 'मामा आल्ता, गेला.' पोरगं आपलंच बोलणं बोटानं वाचायचं. संध्याकाळपर्यंत फरशी भरून जायची आणि पोरं वाक्यांच्या कडंकडंनं चालायची. एकदा सरपंच चपलेसकट आत आले तर पोरांनी त्यांना हाकललं. सरपंचांना राग आला न्हाई, पण ते मला म्हणाले, "गुरुजी, ह्या बाई शिकवतात का फरशी रंगवतात?" मीही त्याच विचारात होतो. पण डिसेंबरात पहिलीची पोरं वाचायला लागली. माझ्या उभ्या नोकरीत तिसरीची अडखळत वाचायची, आणि ही पहिलीची.

खुर्चीवर मॅडम बसत न्हवत्या. खुर्चीत त्यांची पर्स बसायची. पोरानं चुकीचं उत्तर दिलं की म्हणायच्या, "बराबर. आता अजून एकदा विचार कर." मी म्हटलं, चूक असून बराबर कसं? तर म्हणाल्या, "तोंड उघडलं ते बराबर केलं न, सर." पोरांवर कधी आवाज चढवला न्हाई, ती सगळी कसर माझ्यावर काढायच्या. मी वर्गात चहा प्यायलो, मी पोराला तंबाखू आणायला पाठवलं, मी मस्टर लिहिताना खिडकीत उभा राहून तिसरीच्या पोरांना 'ए, गप्प बसा' म्हटलं, प्रत्येक गोष्टीचा हिशेब व्हायचा. नाकाचा शेंडा लाल झाला की समजायचं, आज आपली पाळी. हट्टी तर एवढ्या की एकदा ठरवलं की ठरवलं, दुसऱ्याचं ऐकायला कान न्हाईत.

त्यांना हवं तरी काय होतं? एकदा खिचडी खाताना मी विचारलं. तिखटानं हा हू करत म्हणाल्या, "एकच पाहिजे, सर. पहिलीला आलेली एक तुकडी पाचवीपर्यंत माझ्या हाताखाली राहावी. सगळीच्या सगळी, एकबी पोरगं मधून न जाता. मंग बघा ही पोरं काय करतात."

"एवढंच? मला वाटलं कलेक्टर करायचाय एखादा."

"त्यातच निघंल तो."

मी हसलो. पण त्यांनी त्या तुकडीवर स्वतःचं लग्नसुद्धा टांगून ठेवलं होतं. जालन्याला बघायला पाहुणे आले त्या दिवशी इथं पोरांचं नाटक होतं. मॅडम नाटक संपवून, धुळीनं भरून घरी पोहोचल्या. मुलाच्या आईनं विचारलं, लग्न झाल्यावर बदली करून घ्याल न? मॅडम म्हणाल्या, घेईन की, माझी तुकडी पाचवी पास झाली की. आत्ता पहिलीत हाय. पाहुणे चहा पिऊन गेले. हे सगळं मला त्यांनी दुसऱ्या दिवशी हसून हसून सांगितलं, आणि मी त्यांच्या वडिलांच्या जागी असतो तर कपाळाला हात लावला असता.

त्या तुकडीत प्रतीक्षा नावाची एक चुणचुणीत पोरगी होती. दुसरीत असताना एकदा ती बापाबरोबर शेतात गेल्ती. बाप फवारणीची तयारी करत होता. पोरीनं औषधाच्या डब्यावरचं वाचून दाखवलं, तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फवारू नका. बापानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड बांधून फवारलं. दुसऱ्या दिवशी हा माणूस केळीचा घड घेऊन शाळेत आला. गावभर त्यानं ती गोष्ट सांगितली. मग सगळ्या घरांतून पोरांना वाचायला लावणं सुरू झालं. खताची पोती, लाइटचं बिल, लग्नपत्रिका, मोबाइलवरचे निरोप. ज्यानं त्यानं आपलं पोरगं चारचौघांत उभं करायचं आणि म्हणायचं, वाच. मॅडम त्या दिवसांत जमिनीवर पाय ठेवत न्हवत्या.

जूनमध्ये प्रतीक्षाचा बाप दाखला मागायला आला. मंठ्याला इंग्लिश स्कूल आहे, तिची पिवळी बस आता फाट्यापर्यंत यायला लागली होती.

मॅडम म्हणाल्या, "का? काय कमी पडलं?"

"कमी न्हाई मॅडम. पोरगी हुशार निघाली," तो म्हणाला. "तुमीच केली. मंग हुशार पोरीला हितं कशाला ठिवायचं?"

माणूस वाईट न्हवता. केळीचा घड आणणारा तोच. त्याच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. जे पोरगं चालत न्हाई त्याच्यावर खर्चा कशाला, ते सरकारी शाळेत बरं. जे चालतंय त्याला बसमध्ये घालायचं. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी विचारलं, लेकरू कुठं हाय, तर सांगायला बरं वाटतं. मॅडम त्याच्याशी तासभर भांडल्या. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "आख्ख्या तालुक्यातल्या मास्तरांची पोरं त्या बसमध्ये बसत्यात मॅडम. ती येडी हायत का?"

त्या जूनमध्ये तुकडीतली वाचणारी बहुतेक सगळी पोरं गेली. मॅडम उन्हात घरोघर फिरल्या. लोक पाणी द्यायचे, चहा ठेवायचे, मॅडमसारख्या मॅडम न्हाईत म्हणायचे आणि दाखला मागायचे. मागं उरली ती ज्यांना अजून नीट वाचता येत न्हवतं ती. जेवढं चांगलं शिकवावं तेवढी शाळा रिकामी. असला उलटा कारभार मी दुसरीकडं कुठं पाहिला न्हाई. शेतकरी पीक आलेलं शेत सोडून जातो का? पण इथं मॅडमच शेत आणि मॅडमच पाऊस, आणि कापणीला दुसरे.

पुढच्या वर्षी पहिलीला नवी तुकडी आली. मॅडम पुन्हा पालथ्या पडल्या, पुन्हा शेळी, पुन्हा बापू. या तुकडीत आरती होती. नामदेवची मुलगी. नामदेव हंगामात कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचा, बाकी थोडं रान. त्याला दोन मोठे मुलगे होते, त्यामुळं आरतीकडं कुणाचं फारसं लक्ष न्हवतं. पोरगी अबोल. नाव विचारलं तरी आधी वेणीच्या रिबिनीचं टोक तोंडात घालायची. नामदेव तिला शाळेत सोडताना मला म्हणाला होता, "हिच्यात काही दम न्हाई गुरुजी. बसू द्या हितं, घरी तरी काय करती." पोरगी सगळ्यांच्या मागून वाचायला लागली, पण लागली ती अशी की शाळा सुटल्यावर कपाटातलं पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसायची आणि मॅडम स्कूटी काढेपर्यंत उठायची न्हाई.

डिसेंबरात एक पोरगं वर्गात धडा धडाधड वाचायला लागलं. मला वाटलं मॅडम आता उड्या मारतील. मॅडमनी दार लोटून घेतलं. मग पोरांना जवळ बोलावून म्हणाल्या, "आपण एक खेळ खेळायचा. शाळेत वाचायचं. घरी न्हाई. घरी कुणी म्हणलं वाच, तर काय म्हणायचं? येत न्हाई म्हणायचं."

पोरांना असली मजा कधी मिळाली न्हवती. मोठ्या माणसांना फसवायचं आणि वर मॅडमचा हुकूम. मॅडम तालीम घ्यायच्या. ओढणी डोक्यावरून घेऊन आत्या व्हायच्या, "बाळा, ही पत्रिका वाच बरं." पोरगं म्हणायचं, मला येत न्हाई. माझी टोपी घालून बाप व्हायच्या, आवाज जाड करून दमदाटी करायच्या. येत न्हाई. मग टोपी काढून, ओढणी नीट करून, एकदम स्वतःच्या आवाजात म्हणायच्या, "बास, झाला खेळ. आता मी सांगते, वाच." जे पोरगं भोळेपणानं वाचायचं ते बाद. बाकीची टाळ्या वाजवायची. "घरच्यांसमोर मी जरी सांगितलं तरी न्हाई," असं त्या बजावायच्या. बाद न होणारी वर्गात एकच, आरती. तिच्याकडं कितीही डोळे वटारा, गोड बोला, ती रिबीन तोंडात धरून मान हलवायची.

मी म्हटलं, "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी? पोराला मुकं करतंय का कुणी?"

"पाचवीपर्यंत, सर. फक्त पाचवीपर्यंत. मंग मी सगळ्या गावाला बोलावीन आणि ही पोरं एकदम वाचतील. मंग कुणाची हिंमत न्हाई म्हणायची, की हुशार पोरगं हितं ठिवायचं न्हाई."

त्यांच्या नाकाचा शेंडा लाल न्हवता. चेहरा उतरलेला होता.

वर्ष दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. पोरं दुसरीतून तिसरीत गेली, एकही दाखला गेला न्हाई. मॅडम मला म्हणायच्या, "बघा सर, तुकडी टिकली." आणि गावात बोलणं सुरू झालं होतं, की पहिल्या बॅचला चांगलं शिकवलं, आता बाईंचं मन लागत न्हाई.

मग केंद्रप्रमुख तपासणीला आले. आधी कळवलं न्हवतं, आणि त्या दिवशी पालकांची बैठक होती. दारात चार-पाच बाप उभे, खिडकीत आया. साहेबांनी पुस्तक उघडून पुढच्या पोरासमोर धरलं. "वाच रे."

"मला येत न्हाई, सर."

दुसरं. "येत न्हाई." तिसरं. पोरं एकमेकांकडं बघून हसू दाबत होती. एवढा मोठा पाहुणा, आणि एकही जण बाद झाला न्हाई. आरतीची पाळी आली. तिनं मान हलवली. साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी 'वाचा' म्हटलं असतं तरी पोरं वाचणार न्हवती, आणि खरं सांगितलं असतं तर दारातले बाप ऐकत होते. मी पुढं होऊन म्हटलं, "साहेब, लेकरं भेली असतील." साहेब चांगले गृहस्थ, त्यांनी आवाज केला न्हाई. पण कागदावर जे लिहायचं ते लिहिलं.

महिन्याभरात दाखले निघाले. यावेळी कुणी केळी आणली न्हाई, चहा ठेवला न्हाई. "तिसरीत गेलं तरी अक्षर येत न्हाई, मंग काय करायचं ठिवून?" येत होतं तेव्हा हुशार म्हणून गेली, येत न्हाई म्हणून ही गेली. मॅडम खिचडीच्या शेडमध्ये जाऊन पातेल्याशेजारी बसल्या. मी आत गेलो तर म्हणाल्या, "सर, ही शाळा मी मारली." मला खोटं समाधान करता येत न्हाई. मी शेजारी बसलो आणि स्वयंपाकवाल्या मावशीनं दोघांना चहा दिला.

पोरांचा पट एवढा खाली आला की पुढचं काय ते सांगायला ज्योतिषी नको होता. वरून कागद आला, शाळा बंद. उरलेली पोरं ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत, मला त्याच शाळेत नोकरीचे शेवटचे काही महिने, आणि मॅडमना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भोकरदनकडं, केदारखेड्याच्याही पुढं. कागद आला त्या दिवसापासून मॅडम खुर्चीत बसायला लागल्या. पोरं जवळ आली की डोक्यावर हात ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. भांडायच्याही न्हाईत. मी मुद्दाम वर्गात चहा प्यायलो, तरी न्हाई.

शेवटच्या दिवशी पालक दाखले घ्यायला आले. दुपारपर्यंत सगळे आटोपले. सगळ्यात शेवटी नामदेव मोटरसायकलवर आला. आरती व्हरांड्यात पुस्तक वाचत बसली होती. बापाचा आवाज ऐकताच तिनं पुस्तक मिटलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मी दाखला लिहायला घेतला. म्हटलं, "ओढ्यापलीकडं घालायची न? मी हाय तिथं काही दिवस."

नामदेव संकोचून म्हणाला, "न्हाई गुरुजी. बास झालं आता. पावसाळ्यात ओढा भरतो, रोज कोण सोडंल? पोरगी हुशार असती, तर बसमध्ये घातलं असतं. हिच्यात दम न्हाई. घरी दोन म्हशी हायत, तेवढं तरी बघील."

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच इतक्या जल्दी उठल्या असतील. "नामदेवभाऊ, हिला येतं. सगळं येतं. ह्या वर्गात हिच्याइतकं कुणीच वाचत न्हवतं."

नामदेव हसला. तपासणीच्या दिवशी तो दारातच उभा होता.

"थांबा, दाखवते." मॅडम आरतीसमोर गुडघ्यावर बसल्या, तिच्याच मांडीवरचं पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. "आरती, वाच बेटा."

आरतीनं बापाकडं बघितलं, मग मॅडमकडं. रिबिनीचं टोक तोंडात गेलं. तिनं मान हलवली.

"खेळ संपला, आरू. खरंच संपला. आता मी सांगते, वाच."

हे वाक्य तालमीत कितीतरी वेळा ऐकलेलं. पोरीच्या डोळ्यांत हसू आलं. "मला येत न्हाई," ती म्हणाली.

"वाच गं, आता काही होत न्हाई. एक ओळ वाच. तू वाचलं तर ते तुला बसमध्ये घालतील," मॅडमचा आवाज फाटला. "मी हात जोडते तुला." त्यांनी खरंच हात जोडले. पोरीनं तेवढ्याच ठामपणे मान हलवली. बसमध्ये घालतील हे ऐकल्यावर तर जास्तच. बस म्हणजे मॅडमपासून लांब, हे या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "नामदेव, माझ्यावर विश्वास ठेव, मी ऐकलंय हिला वाचताना."

"गुरुजी, तुमी दोघंबी मोठ्या मनाचे," नामदेव म्हणाला. त्यानं पुस्तक मॅडमच्या हातातून हळूच घेतलं, मिटलं आणि टेबलावर ठेवलं. "लेकराला का तरास देता? राहू द्या मॅडम. तुमी लई केलं." मग त्यानं दाखल्यावर सही केली, वाकून मॅडमना नमस्कार केला, पोरीलाही करायला लावला.

मॅडम गुडघ्यावरच होत्या. उठून दारापर्यंत आल्या तोवर मोटरसायकल सुरू झाली होती. आरती मागं बसलेली, एका हातानं बापाचा सदरा धरलेला. फाट्याच्या वळणावर तिनं मागं वळून मॅडमकडं बघितलं आणि तोंडभर हसली. आजही बाद झाले न्हाई, असं. मॅडमनी हात वर केला. तो तसाच राहिला, हलवायचं त्यांना सुचलं न्हाई.